मलम कोणतं, हे नंतर पाहू: अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ आणि टाच

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावातून एका ताईंनी विचारलंय: "सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. पावसात अंगणातल्या शेवाळावरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. बेळगावात ऑपरेशन करून दहाव्या दिवशी घरी आणलं. साखरेचा त्रास जुना आहे, लघवी अंथरुणातच होते. आता माकडहाडावर रुपयाच्या नाण्याएवढी कातडी सोलली आहे. उजव्या टाचेवर काळसर जांभळा डाग आहे, पण तिथली कातडी शाबूत आहे. शेजारच्या काकी दगडी पाल्याचा रस पिळा म्हणतात, मेडिकलवाला हायड्रोजन पेरॉक्साइड देतो, दीर म्हणतात पावडर टाकून उघडं ठेवा, वाळेल. नेमकं कोणतं मलम लावू?"

ताई, मी २६ वर्षं नर्सिंग करते. पहिली १४ वर्षं वॉर्डात काढली आणि आता घरोघरी ड्रेसिंगला जाते, खानापूरपासून निपाणीपर्यंत. या सगळ्या वर्षांत बेडसोरच्या, म्हणजे अंथरुणात पडून होणाऱ्या जखमेच्या, बाबतीत "कोणतं मलम" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला. त्याचं उत्तर मी देणार आहे, पण पुढं. सासूबाई आत्ता पाठीवर उताण्या असतील तर वाचायचं थांबवा, त्यांना कुशीवर करा आणि मग पुढचं वाचा.

ही जखम बाहेरून झालेली नाही. आतलं हाड आणि खालची गादी यांच्या मधे मांस चेपलं जातं, त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि रक्त पोहोचत नाही. केशवाहिनीत रक्त शिरतं तेव्हा त्याचा दाब पाऱ्याच्या मापात साधारण ३२ मिलिमीटर असतो, असं १९३० साली मोजलं गेलं. उताण्या झोपलेल्या माणसाच्या माकडहाडाखाली किंवा टाचेखाली त्याच्या कितीतरी जास्त दाब सहज पडतो. तुम्ही-आम्ही झोपेतसुद्धा सारखी कूस बदलतो म्हणून वाचतो. ज्याला हलता येत नाही किंवा दुखल्यामुळं हलायची भीती वाटते, त्याचं मांस दोन-तीन तासांत गुदमरायला लागतं. हाडाजवळचं मांस आधी मरतं आणि कातडी सगळ्यात शेवटी. पेटीत तळाला दबलेला हापूस वरून चांगला दिसतो आणि बोट लावलं की आत जातो, तसंच. तुमच्या सासूबाईंच्या टाचेचा तो जांभळा डाग मला पाठीच्या जखमेपेक्षा जास्त काळजीचा वाटतो, तो याचसाठी. त्याबद्दल पुढं सविस्तर लिहिते.

आधी एक कबुली. मी नवीन होते तेव्हा एका खाजगी दवाखान्यात रोज सकाळी "बॅक केअर" असायची. रुग्णाची पाठ स्पिरिटनं पुसायची, लाल झालेल्या जागेवर जोर लावून चोळायचं आणि वर पांढरी पावडर थापायची. जखम असेल तर तिच्यावर दिवा लावून वाळवायची. मी हे मन लावून करायची. अर्धांगाचा एक रुग्ण होता, माझ्या वडिलांच्या वयाचा. त्याच्या माकडहाडावरची लाली मी दहा दिवस चोळली. अकराव्या दिवशी कातडी उचलली गेली आणि खाली खड्डा निघाला, माझा अंगठा जाईल एवढा. लाल जागेखालचं मांस आधीच दुखावलेलं असतं, चोळल्यानं ते आणखी फाटतं. स्पिरिटनं कातडीतलं तेल जातं. पावडर घामात भिजून तिचे खडे होतात आणि तेच टोचत राहतात. आजही मी घरी जाते तेव्हा पुष्कळ ठिकाणी कुणीतरी प्रेमानं पाठ चोळताना दिसतं. त्यांना थांबवताना मला तो रुग्ण आठवतो. लाल जागा चोळू नका. आजूबाजूच्या धडधाकट कातडीला खोबरेल तेलाचा हलका हात लावा, तेवढा पुरे.

आता कूस बदलायची कशी. दर दोन तासांनी, हा नियम तुम्हाला दवाखान्यात सांगितला असेल. "कुशीवर" म्हणजे पूर्ण आडवं मात्र करू नका. पूर्ण आडवं केलं की सगळं वजन खुब्याच्या हाडावर येतं आणि तिथं नवी जखम तयार होते. त्यांचा तर एक खुबा ऑपरेशनचा आहे. पाठीमागं खांद्यापासून कमरेपर्यंत लांब उशी किंवा घडी घातलेलं ब्लँकेट सरकवा, म्हणजे त्या साधारण ३० अंश कलतील. उशी लावल्यावर तुमचा तळहात त्यांच्या माकडहाडाखाली घालून बघा. तिथं गादी टेकत नसेल तर बरोबर झालं. दोन पायांच्या मधे एक उशी कायम असू द्या, पाय एकावर एक चढू देऊ नका. ऑपरेशनच्या बाजूवर किती कलवायचं हे ज्या सर्जननी ऑपरेशन केलं त्यांना फोन करून विचारा. सांधा बदललाय की रॉड-प्लेट टाकलीय यावर ते ठरतं आणि ते मी इथून सांगू नये.

एक कूस, मग दुसरी, मधे थोडा वेळ उताणं, असं चक्र ठेवतात. पण जखम माकडहाडावर असल्यामुळं उताणं झोपणं सध्या जवळजवळ बंदच करा. जेवायला घालताना डोकं उंच लागतं तेवढा वेळ ठीक आहे, जेवण झाल्यावर तासाभरानं उशा काढा. डोकं ३० अंशांपेक्षा वर बराच वेळ राहिलं की माणूस हळूहळू खाली घसरतो. कातडी चादरीला धरून राहते, आतलं हाड खाली सरकतं आणि मधल्या रक्तवाहिन्या पिळल्या जातात. नुसत्या दाबाइतकंच हे घसरणं वाईट. वर ओढताना काखेत हात घालून ओढू नका. कमरेखाली एक जाड चादर कायम आडवी ठेवा. दोघांनी दोन बाजूंनी तिच्या कडा गुंडाळून धरायच्या, एक-दोन-तीन म्हणायचं आणि उचलून सरकवायचं. घरात दुसरा माणूस नसेल तर शेजारच्या काकींना बोलवा. दगडी पाला सुचवणाऱ्या काकींना तुमची काळजी आहे, त्या नक्की येतील.

रात्रीचं काय, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण प्रत्येक सुनेच्या डोळ्यांत तो प्रश्न असतो. दर दोन तासांनी गजर लावून उठणारी बाई पंधरा दिवसांत स्वतः आजारी पडते. अमेरिका-कॅनडातल्या वृद्धांच्या केंद्रांमधे केलेला एक मोठा अभ्यास २०१३ साली आला. चांगल्या दाट फोमच्या गादीवर २, ३ आणि ४ तासांनी कूस बदललेल्या लोकांमधे जखमांचं प्रमाण फारसं वेगळं नव्हतं. त्यांच्यापैकी कुणाला आधीपासून जखम नव्हती, हे लक्षात ठेवा. माझं मत विचाराल तर जखम भरेपर्यंत दिवसा दोन तास पाळा. रात्री चांगली गादी असेल तर तीन तास चालतील, पण सकाळी कातडी तपासून. सकाळी नवी लाली दिसली तर पुन्हा दोन तास. दिरांनाही पाळी द्या. रात्री बाराची आणि तीनची कूस पुरुषमाणसानं बदलली म्हणून काही बिघडत नाही.

आता टाच. कातडी शाबूत, रंग काळसर जांभळा. बोटानं हलकं दाबल्यावर जागा मऊ, पाणी भरल्यासारखी किंवा बाजूच्या कातडीपेक्षा गरम-गार लागते का बघा. लागत असेल तर आतलं मांस दबून मेलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. सुईनं फोडू नका, ब्लेड लावू नका, शेक तर मुळीच देऊ नका. साखरेनं पायाची जाणीव कमी झालेली असते. गरम पिशवीनं टाच भाजली तरी त्या ओरडणार नाहीत. मी अशा भाजलेल्या टाचा पाहिल्या आहेत आणि त्या प्रत्येक वेळी घरच्यांनी मायेनं दिलेल्या शेकाच्या होत्या.

टाच हवेत तरंगली पाहिजे. पोटरीखाली, गुडघ्यापासून घोट्याच्या वरपर्यंत उशी लांब ठेवा, गुडघा किंचित वाकलेला असू द्या आणि टाच उशीच्या काठाबाहेर मोकळी राहू द्या. टाच आणि गादी यांच्या मधून कागद आरपार सरकला पाहिजे. नुसत्या घोट्याखाली छोटी उशी ठेवलीत तर मागच्या शिरेवर दाब येतो. टाचेखाली पाणी भरलेला हातमोजा ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. दाब तसाच राहतो, फक्त मऊ वाटतो. माकडहाडाखाली फुगवायची गोल रिंगही नको. रिंगच्या कडेनं सगळीकडून रक्त अडतं आणि मधली जागा आणखी उपाशी राहते. ती रिंग आजही मेडिकलमधे टांगलेली दिसते आणि लोक भक्तिभावानं विकत नेतात.

त्यांना साखर आहे म्हणून टाचेचा डाग आठवड्याच्या आत सर्जनना दाखवाच. पायाची नाडी लागते का, रक्तपुरवठा कसा आहे, हे हातानं आणि गरज पडली तर डॉपलरनं, म्हणजे रक्ताचा प्रवाह तपासायच्या यंत्रानं, बघावं लागतं. पुढं डाग वाळून काळी, कडक, घट्ट चिकटलेली खपली झाली आणि भोवती लाली, पाणी, वास काही नसेल, तर सहसा ती तशीच कोरडी ठेवतात. ती आतल्या जागेचं झाकण असते. तीच खपली ओली झाली, हलायला लागली, कडेनं पू आला तर त्याच दिवशी दवाखाना.

गादीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आपल्या भागात गडबड इथंच होते. फुगणाऱ्या फोडांची हवेची गादी चांगली, भाड्यानंही मिळते. ती साध्या गादीच्या वर घालायची, थेट खाटेच्या फळीवर किंवा नवारीवर नाही. वर एकच पातळ सुती चादर. एका घरी हवेची गादी आणली होती, तिच्यावर रबरी कापड, त्यावर वाकळ, त्यावर चादर. माणूस वाकळीवरच झोपलेला आणि हवा खाली वाया चाललेली. त्या आजोबांची पाठ मी बॅटरीच्या उजेडात पाहिली, तर कातडीवर वाकळीच्या दोऱ्यांची नक्षी उमटलेली, धावदोऱ्याच्या ओळीच्या ओळी लाल आणि दोन ठिकाणी त्या ओळीवरच फोड. त्यांच्या सुनेनं नव्या लुगड्याची मऊ वाकळ मुद्दाम शिवून घातली होती. तिला हे सांगताना माझ्या घशात दाटून आलं. वाकळ अंगावर पांघरा, अंगाखाली नको.

गादीत हवा पुरेशी आहे का ते बघायची पद्धत सोपी आहे. माणूस झोपलेला असताना माकडहाडाच्या बरोबर खाली, हवेची गादी आणि साधी गादी यांच्या मधे तळहात वरच्या बाजूला करून हात सरकवा. हाताला हाड जाणवलं तर हवा कमी आहे. मधे किमान एक इंच जाडी लागली पाहिजे. मळ्यातल्या घरांना रात्री वीज गेली की पंप बंद पडतो आणि काही गाद्या तासा-दोन तासांत बसतात. वीज गेलेल्या रात्री दोन तासांचा नियम सोडू नका. वीज फारच जात असेल तर हवेच्या गादीपेक्षा दाट फोमची जाड गादी बरी, तिला बटण नसतं.

ओल हा दुसरा शत्रू. कणकुंबी-जांबोटीकडं पाऊस लागला की आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. दमट चादर, घाम आणि लघवी यांत कातडी भिजलेल्या कागदासारखी होते आणि थोड्या घर्षणानं सोलते. चादरी चुलीवरच्या दोरीला वाळवा, पण घडी घालायच्या आधी गालाला लावून बघा. हाताला कोरडी लागलेली चादर गालाला ओली लागते. डायपर वापरत असाल तर दर दोन तासांनी कूस बदलताना उघडून बघा. शी झाली असेल तर लगेच बदला, लघवीसाठीही तो भरेपर्यंत थांबू नका. पुसताना पुढून मागं, साध्या कोमट पाण्यानं, टिपून. अंगाचा साबण रोज चार-चार वेळा लावला तर कातडी कोरडी पडते, कारण साबण अल्कधर्मी आणि कातडी किंचित आम्लधर्मी. कोरडं झाल्यावर झिंक ऑक्साइडचं मलम किंवा व्हॅसलीन पातळ फासा. पुढच्या वेळी ते खरवडून काढायची गरज नाही, घाण तेवढी पुसा आणि वरून थोडं लावा. लघवीसाठी नळी घालून द्या असं पुष्कळ जण सुचवतात. जखम खोल असेल आणि सारखी लघवीनं भिजत असेल तर थोड्या दिवसांसाठी डॉक्टर घालतात. नुसत्या सोयीसाठी नळी ठेवली तर लघवीत जंतू होतात आणि ताप चढतो.

तुमच्या सासूबाईंची जखम दाबानं झालीय की ओलीनं, हेही ओळखा. हाडाच्या बरोबर वर, गोल, कडा स्पष्ट असेल तर दाबाची. ढुंगणाच्या घडीत, दोन्ही बाजूंना सारखी, पसरट, वरवरची, चट्ट्याच्या आकाराची आणि झोंबणारी असेल तर ओलीची. पुष्कळदा दोन्ही एकत्र असतात. नाण्याएवढी, माकडहाडावर, उथळ, तळ गुलाबी, पू नाही अशी असेल तर बेडसोरच्या चार पायऱ्यांपैकी दुसरी. पहिल्या पायरीत कातडी शाबूत असते पण लाली बोटानं दाबून पांढरी पडत नाही. तिसरीत चरबीपर्यंत खड्डा जातो. चौथीत स्नायू, हाड दिसतं. दुसरी पायरी नीट सांभाळली तर बहुतेक दोन-तीन आठवड्यांत भरते. तिसरीला महिने लागतात आणि चौथीला वर्षसुद्धा. तुम्ही अगदी वेळेत विचारलंत.

पहिल्या पायरीबद्दल आपल्यासाठी एक गोष्ट महत्त्वाची आहे. पुस्तकात "लाल" लिहिलेलं असतं. उन्हात रापलेल्या सावळ्या पाठीवर लाल दिसतच नाही, नुसती काळपट किंवा जांभळट छटा दिसते. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. हाताची मागची बाजू लावून बघा, बाजूपेक्षा गरम आहे का. बोटानं चाचपा, कडक किंवा लिबलिबीत आहे का. माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, घोटे, कोपरं, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू आणि कानाची पाळी, या जागा रोज आंघोळीच्या वेळी. ऑक्सिजनची नळी कानावरून जात असेल तर तिच्याखालीही.

आता ड्रेसिंग. हात साबणानं धुवा, बांगड्या वर सरकवा. जुनी पट्टी चिकटली असेल तर सलाईन टाकून दोन मिनिटं भिजू द्या, ओढू नका. वाळलेलं गॉज ओढलं की आदल्या दिवशी आलेली नवी कातडी त्याच्याबरोबर निघते आणि आपल्याच हातानं आपण जखम मागं नेतो. मग शंभर मिलीची नॉर्मल सलाईनची बाटली आणि वीस मिलीची सुई नसलेली सिरिंज घेऊन जखम धुवा, मधून बाहेरच्या दिशेनं. उघडलेली बाटली चोवीस तासांत टाकून द्या. सलाईन मिळालं नाही तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे दोन सपाट चमचे मानायला हरकत नाही. तेही रोज ताजं. भोवतीची कातडी टिपून कोरडी करा, जखमेचा तळ ओलसर राहू द्या.

मग वर काय, हा तुमचा मूळ प्रश्न. अशा उथळ, स्वच्छ जखमेला मी स्वतः चिकट काठाची फोमची ड्रेसिंग लावते, माकडहाडासाठी वेगळ्या आकाराची मिळते. खाली शी गेली नाही, सुटली नाही, तर तीन-चार दिवस राहते. एकीची किंमत जास्त वाटते, पण रोजचं गॉज, चिकटपट्टी आणि रोज सोलणारी कातडी यांचा हिशेब केला तर ती स्वस्त पडते. ते परवडत नसेल किंवा खानापुरात मिळत नसेल तर जाळीची तेलकट पट्टी, वर गॉजचा पॅड, कडेला मायक्रोपोर, रोज एकदा. स्वच्छ जखमेला अँटिबायोटिक मलमाची गरज नसते. पिवळा थर, वास, पू आला तर औषध डॉक्टर बदलतील आणि तेव्हा जंतू बघून द्यावं लागतं.

"उघडं ठेवा, वाळेल" असं दीर म्हणतात ते चुकून म्हणत नाहीत, आम्हालाही तसंच शिकवलं होतं. जॉर्ज विंटर या संशोधकानं १९६२ साली डुकरांच्या कातडीवर बारीक जखमा करून अर्ध्या झाकल्या, अर्ध्या उघड्या ठेवल्या. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगानं आली. उघड्या जखमेवर खपली धरते आणि नवीन पेशींना खपलीच्या खालून वाट काढत जावं लागतं. दिवा लावून वाळवण्याचं आमचं काम त्या अभ्यासानंतर किती दशकं चालू राहिलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

हायड्रोजन पेरॉक्साइड फेसाळतं म्हणून साफ झाल्यासारखं वाटतं. ते जंतूंबरोबर नव्यानं भरून येणाऱ्या पेशीही मारतं आणि खोल भोकात ओतलं तर त्यातला वायू रक्तात शिरण्याचा धोका असतो. बाटली परत करा. तांबडं आयोडिन औषध घाण जखमेला थोडे दिवस डॉक्टर देतात, भरत आलेल्या जखमेला रोज लावायचं ते नाही. दगडी पाल्याबद्दल काकींचा मान ठेवून सांगते: शेतात विळा लागला तर आपल्या आया तोच लावत आल्या. ती ताजी, निरोगी माणसाच्या हातावरची वरवरची जखम असते. साखर असलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या माकडहाडावर बांधावरचा पाला चुरगळून लावला तर त्याच्याबरोबर मातीही जाते. हळद-चुना, राख, निपाणीकडं लावतात ती तंबाखूची भुकटी, यांनाही तेच लागू. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय का तेही विचारून घ्या.

खाण्याकडं वळते, कारण मांस भरायला माती नाही, प्रथिनं लागतात. बेडसोर असलेल्या माणसाला वजनाच्या दर किलोला रोज सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात. सासूबाई ४५ किलोच्या धरल्या तर साधारण ५६ ते ६७ ग्रॅम. दोन अंडी म्हणजे १२, अर्धा लिटर दूध म्हणजे १६ च्या आसपास, घट्ट वरणाच्या दोन वाट्या १४, मूठभर शेंगदाण्यांची चटणी ७, जोंधळ्याच्या दोन भाकरी ९-१०. झाले जवळजवळ साठ. आजारी माणसाला म्हणून फक्त मऊ भात आणि पातळ कढी देतात, तिथं हा आकडा वीसपर्यंत घसरतो. आपल्या भागात जैन आणि लिंगायत घरं पुष्कळ, तिथं अंडं चालत नाही. मग दूध, दही, पनीर, मोड आलेल्या मुगाची उसळ वाढवा. नाचण्याची आंबील घट्ट ताकातली करा. दात नसतील तर उसळ वाटून द्या. साखर आहे म्हणून घरचे भाकरीच कमी करतात आणि माणूस वाळत जातो, ते करू नका. साखर औषधानं किंवा इन्सुलिननं आटोक्यात आणायची, उपासानं नाही. एक मात्र तपासून घ्या: जुन्या साखरेत मूत्रपिंडावर ताण असतो, म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघून प्रथिनांचा आकडा डॉक्टरांकडून पक्का करा.

दवाखान्यातून घरी येताना तुम्हाला हे सगळं कुणी सांगितलं नसेल तर त्याचं एक कारण मला माहीत आहे. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, सिस्टर कन्नड किंवा मल्याळम बोलणारी, आणि जांबोटीची आजी फक्त मराठी. वॉर्डात एक आजी रात्रभर "आग होतीय, आग होतीय" म्हणत होत्या. नव्या सिस्टरनं पंखा वाढवला. सकाळी मी पाठ उघडली तर कातडी गेलेली होती. "उरी" म्हणजे आग, "नोवु" म्हणजे दुखणं, "गाय" म्हणजे जखम. कन्नडमधले एवढे तीन शब्द घरच्यांनी शिकून ठेवावेत आणि बेधडक वापरावेत. डिस्चार्जच्या दिवशी "पाठ दाखवा, आमच्यासमोर बघा" असं म्हणायला लाजू नका. नर्सेसकडं जोखीम मोजायचा ब्रेडन नावाचा तक्ता असतो, १९८७ सालापासूनचा. त्यात ६ ते २३ गुण असतात आणि १८ किंवा त्याखाली आले की माणूस धोक्यात. "ब्रेडन किती आला?" एवढं विचारलंत तरी पाठ तपासली जाते.

घरी थांबायचं नाही, असे प्रसंग सांगते. ताप किंवा थंडी वाजणं. एरवी नीट बोलणारी बाई अचानक असंबद्ध बोलू लागणं किंवा गुंगीत जाणं. जखमेभोवतीची लाली बोटभर पुढं सरकणं, सडका वास, पू. तळाला हाड लागणं. औषधं तीच असून साखर एकदम चढणं. पावसात रस्ता वाईट असला तरी त्याच दिवशी १०८ ला फोन करा. जंतू रक्तात गेले तर सकाळची वाट बघायला वेळ नसतो. जखमेत किडे दिसले तरी घाबरून घरी टर्पेंटाइन ओतू नका, झाकून दवाखान्यात न्या. अशा घरांना शेजारी नावं ठेवतात. किडे माशीमुळं होतात, एका दुपारच्या दुर्लक्षानंही, आणि त्यातून माणसं पूर्ण बरी झालेली मी पाहिली आहेत.

सर्जननी परवानगी दिली असेल तर त्यांना बसवा, उभं करा, वॉकर धरून दोन पावलं चालवा. पाठीला याहून चांगलं औषध मला माहीत नाही. खुर्चीत जाड फोमची उशी ठेवा आणि एका वेळी अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त बसवू नका. दर पंधरा मिनिटांनी या बाजूला, त्या बाजूला कलवा. खाटेखाली विटा घालून खाट तुमच्या कमरेइतकी उंच केलीत तर तुमची पाठ वाचेल, पण त्या खाली उतरू लागल्या की विटा काढा.

आज ड्रेसिंग करताना स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी कापून जखमेवर धरा, पेननं तिची कड गिरवा, वर तारीख लिहा. डोक्याची बाजू कोणती तेही लिहा. सात दिवसांनी पुन्हा तसंच करा आणि दोन्ही एकावर एक ठेवून उजेडात धरा. दुसरी कड पहिलीच्या आत असेल आणि तळ डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल असेल तर जे करताय ते चालू ठेवा. टाच दाखवायला आठवड्याच्या आत जाल त्याच फेरीत पाठही दाखवा. दोन आठवड्यांत कड जागची हलली नाही तर पिशव्या घेऊन पुन्हा सर्जनकडं जा.